जत्रा, करमणूक-उद्याने आणि मुलाचे वावडे

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांस असे वाटेल की, मुलाला घेऊन सहलीस जाणे ही काय व्याख्यान देण्याजोगी गोष्ट आहे? तिकिटे काढावी, पाळण्यात बसावे, भूक लागली म्हणजे समोरच्या दुकानातून काही घेऊन खावे आणि दिवे लागणीस घरी परतावे. बहुतेक घरांपुरते हे खरे आहे. परंतु ज्या घरातील मुलास एखाद्या अन्नपदार्थाचे वावडे आहे, त्या घरी ‘काही घेऊन खावे’ हे तीनच शब्द सबंध सहलीवर सावट धरून बसलेले असतात. अशा घरांसाठी, आणि त्यांहूनही अधिक त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी व आप्तेष्टांसाठी, मी आज चार शब्द बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात उभा जन्म मुलांना शिकविण्यात घालवून निवृत्त झालेला मी एक मॅट्रिक शिकलेला मास्तर आहे. माझ्या नातवास भुईमुगाच्या दाण्यांचे वावडे असल्यामुळे हा विषय पुस्तकांपेक्षा मला स्वयंपाकघरातूनच अधिक कळला.

प्रथम ‘वावडे’ या शब्दाचाच विचार करू. आपण तो फार सैलपणे वापरतो. कुणास कारले आवडत नाही, तोही म्हणतो, ‘मला कारल्याचे वावडे आहे.’ कुणास दूध पचत नाही, पोट फुगते. तोही तेच म्हणतो. पहिली गोष्ट केवळ आवडीनिवडीची आहे. दुसरी पचनाची आहे. खरे वावडे, ज्याला डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात, ते या दोहोंहून निराळे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक पहारेकऱ्यांची फौज असते. ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थातील प्रथिनास शत्रू समजून बसते आणि तो पदार्थ पोटात जाताच सर्व बळानिशी तुटून पडते. ज्याला शत्रू समजली तो मुळात शत्रू नसतोच. आणि या लढाईत होरपळते ते मात्र मुलाचेच शरीर.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊन सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. १९०२ साली शार्ल रिशे व पोल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी समुद्रातील एका प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून प्रयोग केले. पहिल्या खेपेस जी कुत्री बचावली, त्यांना काही आठवड्यांनी पुन्हा अगदी अल्प विष टोचले असता ती थोड्याच वेळात मेली. सवयीने बळ वाढावयाचे, ते उलट शरीर अधिकच हळवे झाले होते. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. आणि या सर्व प्रकारामागील रक्तातील विशिष्ट द्रव्य इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत काम करीत असता १९६६ साली शोधून काढले. या इतिहासातून आपण एवढेच ध्यानात ठेवावे की, येथे मात्रेचा हिशेब चालत नाही. ‘थोडेसे खाल्ल्याने काय होते?’ या आपल्या घरगुती प्रश्नाचे उत्तर १९०२ सालीच मिळून गेले आहे.

आता आमच्या वऱ्हाडाकडे वळू. दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे, तीळ, काजू यांपैकी कशाचेही वावडे मुलास असू शकते. परंतु भुईमुगाचे असले म्हणजे आमच्याकडील गृहिणीची खरी कसोटी लागते. पोह्यांत दाणे, चटणीत दाणे, भरल्या वांग्यात दाण्याचा कूट, कोशिंबिरीत कूट, आणि फोडणीस पुष्कळ घरी घाण्याचे शेंगदाण्याचेच तेल. त्यातही मौजेची गोष्ट अशी की, उपवासाच्या दिवशी दाण्यांचे राज्य अधिकच वाढते. साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, दाण्याचा लाडू! वस्तुतः भुईमूग हा दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. परंतु तो आपल्या एकादशीत असा काही मिसळून गेला की, त्यावाचून फराळ होतो हेच आपण विसरलो.

माझा नातू दोन वर्षांचा होता, तेव्हा एका आप्ताने मायेने दाण्याच्या लाडवाचा तुकडा त्याच्या हाती ठेवला. दहा मिनिटांच्या आत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि हसते-खेळते मूल आईच्या खांद्यावर मान टाकून पडले. तालुक्याच्या गावी दवाखाना जवळ होता आणि सुई वेळेवर मिळाली, म्हणून आज मी हे भाषण स्वस्थ चित्ताने करीत आहे.

असे मूल घरी असले म्हणजे आईबापांच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, याला कोठे नेऊच नये. शेगावास नको, जत्रेस नको, शाळेच्या सहलीस नको. हा विचार प्रेमाचाच आहे. परंतु त्याचे फळ काय होते ते मी शाळेत पाहिले आहे. जे मूल वर्गाबरोबर कोठेच जात नाही, ते हळूहळू स्वतःस इतरांहून कमी समजू लागते. शिवाय पुढे मोठे झाल्यावर त्यास परगावी शिकण्यास जावेच लागेल, खानावळीत जेवावेच लागेल. तेव्हा जी सावधगिरी लागणार, ती आजोबांचे बोट धरलेले असतानाच शिकलेली बरी. म्हणून आमच्या घरी आम्ही ठरविले की, मुलास न्यावयाचे. मात्र तयारीनिशी न्यावयाचे.

आमच्या जिल्ह्यात मुलांस दाखवण्याजोगी स्थळे काही थोडी नाहीत. शेगावी श्री संत गजानन महाराज संस्थानाने उभारलेले आनंदसागर हे उद्यान तेथील तळे, ध्यानमंदिर आणि मुलांची छोटी आगगाडी यांमुळे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. मध्यंतरी ते बराच काळ बंद होते. तेव्हा जाण्यापूर्वी कोणते भाग खुले आहेत याची चौकशी करावी. लांबच्या प्रवासाची ज्यांस हौस आहे, ते मुंबई-पुण्याकडील करमणूक-उद्यानांस जातात. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड निघाले. त्या धर्तीवर आपल्याकडे १९८९ साली मुंबईस गोराई येथे एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका ही उद्याने निघाली. जुन्या जत्रेत आणि या नव्या उद्यानांत पाळण्यांच्या उंचीखेरीज आणखी एक मोठा भेद आहे. जत्रेस शिदोरी नेता येते. या उद्यानांत बहुधा बाहेरचे खाद्य नेऊ देत नाहीत. वावडे असलेल्या मुलाची अडचण नेमकी या दरवाजावर सुरू होते.

यावर उपाय असा की, निघण्यापूर्वी आठ दिवस उद्यानाच्या कचेरीस पत्र अथवा दूरध्वनी करावा. तिकीट-खिडकीवरील माणसाशी न बोलता व्यवस्थापकांशी बोलावे, डॉक्टरांचा दाखला पाठवावा आणि मुलाचा डबा आत नेण्याची परवानगी शक्य तर लेखी मागून घ्यावी. सौम्य शब्दांत आणि वेळेवर मागितलेली परवानगी सहसा कोणी नाकारीत नाही. दारावर उभे राहून हुज्जत घातली असता मात्र दोन्ही पक्षांचा मान जातो. परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांस ही गोष्ट सोपी जाते. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे स्वतःचे खाद्य आत नेण्यास मुभा आहे, आणि उपाहारगृहात वावडे सांगितल्यास त्याप्रमाणे निराळी यादी पुढे ठेवतात.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणे बांधीव खाद्यावर गहू-जवादी धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाहून अधिक सल्फाइट, इतक्या गोष्टींचा उल्लेख असलाच पाहिजे. दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनीही अशा पदार्थांची माहिती द्यावी, हा नियम २०२२ सालापासून अमलात आला. यात तीळ नाहीत, हे तिळाचे वावडे असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पुष्कळ लोक वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहून निश्चिंत होतात. ते चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. दूध आणि शेंगदाणा दोन्ही शाकाहारीच आहेत! आणि गाडीवरचा भेळवाला किंवा पुडीत शेव बांधून देणारा दुकानदार यांच्या मालावर वाचावयास काहीच नसते. तेथे तोंडानेच विचारावे लागते.

आणि विचारावे कसे, हे मी थोडे मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतो. ‘समजले का?’ असे वर्गाला विचारले की, चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात, आणि कोणासच समजलेले नसते. ‘यात शेंगदाणे नाहीत ना?’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. विचारणाऱ्यास कोणते उत्तर हवे ते त्या प्रश्नातच दिसते आणि भला माणूस तेच देतो. त्याऐवजी असे विचारावे: ‘यात काय काय घातले आहे? तेल कोणते? याच कढईत आधी काय तळले? चटणी कशाची?’ पुष्कळदा स्वयंपाक्याच्या मनात ‘शेंगदाणे’ म्हणजे अख्खे दाणे. कूट घातलेला असला तरी तो त्यास दाण्यांत मोजीत नाही. तो खोटे बोलत नसतो. आपला प्रश्नच अपुरा असतो.

तेलाविषयी एक भेद सांगून ठेवतो. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात तो राहतो. म्हणजे जे तेल आपण अधिक सकस म्हणून शोधीत जातो, तेच अशा मुलास अधिक घातक. शेगावची कचोरी मैद्याच्या पारीची आणि मुगाच्या डाळीच्या सारणाची; ती पाहून दाण्याची शंकाही येत नाही. परंतु कोणत्याही तळणाबद्दल कढई व तेल यांची चौकशी केल्यावाचून मुलाच्या हाती काही देऊ नये. आइस्क्रीमच्या दुकानी एकच पळी सर्व भांड्यांतून फिरते, हेही पाहून ठेवावे.

एका करमणूक-उद्यानात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, घडलेली गोष्ट सांगतो. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. डबा संपला होता आणि आम्ही उपाहारगृहात बिनदाण्याचे पोहे सांगितले. वाढप्याने बशी आणली, ती स्वच्छ दिसत होती. मुलाने चमचा उचलला आणि खाली ठेवला. म्हणाला, ‘आबा, हे दाणे वेचून काढलेले पोहे आहेत. हा बघा, अर्धा राहिला आहे.’ वाढप्यास विचारले, तो अगदी निष्कपटपणे म्हणाला, ‘होय, मी स्वतःच वेचले. आता काही नाही.’ त्या बिचाऱ्याने आमच्यासाठी कष्टच घेतले होते! ज्या तेलात दाणे तळले त्याच तेलात पोहे परतले आहेत, म्हणून वेचून उपयोग नाही, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. मुलाने त्याचे आभार मानले आणि पोहे परत केले. त्या दिवशी मला कळले की, या मुलाची खरी राखण आमच्या डोळ्यांपेक्षा त्याचे स्वतःचे डोळे करणार आहेत. आणि ते उघडावयाचे असतील तर त्यास बाहेर नेलेच पाहिजे.

आता काही व्यवहाराच्या सूचना. प्रवासाचा दिवस निवडताना पंचांग पाहावे आणि एकादशी-चतुर्थी टाळावी. त्या दिवशी उपाहारगृहांत बहुधा खिचडीच असते. धोका उद्यानात नव्हे तर मलकापुरास गाडीत चढतानाच सुरू होतो. डब्यात खारे दाणे विकणारे फिरतात आणि बाकावर टरफले पडलेली असतात. शेजाऱ्याने दाणे खाल्ले म्हणून नुसत्या वासाने मोठे संकट सहसा येत नाही. परंतु बाकास लागलेला अंश हातास लागून तोंडात जाऊ शकतो. म्हणून बाक ओल्या फडक्याने पुसावा आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. जंतू मारणारे जे द्रावण आपण हातास चोळतो, त्याने शेंगदाण्याचा अंश निघत नाही. त्यास साबण आणि पाणीच लागते.

उद्यानात नवीन पदार्थ खाल्ल्यावर मुलास लगेच उंच पाळण्यात अथवा नावेत बसवू नये. त्रास बहुधा काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत दिसतो. शिवाय धावपळीने व उन्हाने तो बळावू शकतो. पाळण्यात चक्कर येऊन उलटी झाली की वावड्याने झाली, हे ओळखणेही कठीण होते. पाण्याच्या खेळांत कपडे व पिशव्या कुलुपात ठेवण्याची पद्धत असते. औषधाची पिशवी मात्र कधीही कुलुपात ठेवू नये. घरातील एका वडील माणसाने ती घेऊन काठावर बसावे. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे, आणि मी ते मोठ्या अभिमानाने करतो.

त्या पिशवीत मुख्य औषध एकच: अ‍ॅड्रिनलीन. अंगावर थोड्या गांधी उठल्या, एवढ्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरे होते. परंतु आवाज बसला, श्वास लागला, जीभ सुजली, मूल निस्तेज होऊन कलंडू लागले, अथवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर गोळीची वाट पाहणे म्हणजे काळास वाट देणे होय. अ‍ॅड्रिनलीन मांडीच्या बाहेरच्या बाजूस तत्काळ टोचले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत आपोआप टोचणारी तयार लेखणी मिळते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. म्हणून मुलाच्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी आणि कुपीतून औषध भरून टोचावयास घरातील दोघांनी तरी शिकावे. आमच्या घरी सून आणि मुलगा दोघेही शिकले आहेत. हे औषध उन्हाने व उजेडाने बिघडते. वैशाखात बंद मोटारीत ते ठेवू नये. सुई दिल्यावर मुलास आडवे निजवून पाय किंचित उंच करावेत, श्वास लागत असल्यास टेकून बसवावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून चालू आहे. बरे वाटले म्हणून परत फिरू नये. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून दवाखान्यातील देखरेख आवश्यक आहे.

श्रोतेहो, एवढी तयारी आईबाप करू शकतात. परंतु एक गोष्ट त्यांच्या हातची नाही, ती आपणा सर्वांच्या हातची आहे. आपला समाज अन्न देण्यात उदार आहे. पाहुण्याने घास नाकारला तर यजमान मनाला लावून घेतो. प्रसाद नाकारला तर भाविकास तो अधर्म वाटतो. मग आग्रह सुरू होतो. ‘देवाचा प्रसाद आहे, याने काही होत नाही.’ ‘आमच्या वेळी असली थेरे नव्हती.’ मुलास वाटते, आपणच सर्वांचा हिरमोड करीत आहोत. एखादे भिडस्त मूल अशा वेळी भिडेखातर तो घास गिळते. त्याचा जीव जाण्याचा धोका असतो तो याच भिडेत.

प्रसादाच्या बाबतीत आमच्या घरी एक तोड निघाली आहे. नातू हात पुढे करतच नाही. माझ्या हातातील प्रसादास दुरूनच नमस्कार करतो, आणि त्याचा वाटा मी खातो. शेगावास ज्या पिठले-भाकरीस एवढा मान आहे, ती आम्ही घरी आमच्या तेलात करून नैवेद्य दाखवून त्यास वाढतो. यात भक्ती उणी पडली, असे मला वाटत नाही.

इंग्लंडमधील नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली दुकानातून घेतलेल्या भरल्या पावातील तिळांमुळे दगावली. पावात तीळ आहेत हे वेष्टनावर लिहिलेले नव्हते. तिच्या आईबापांनी चळवळ करून कायदा बदलून घेतला. तेथे २०२१ सालच्या ऑक्टोबरपासून दुकानात आगाऊ बांधून ठेवलेल्या खाद्यावरही सर्व घटक लिहावे लागतात. लोक त्यास नताशाचा कायदा म्हणतात. आपल्या जत्रांतील आणि पंगतींतील सर्व अन्नावर कायद्याने चिठ्ठी लावता येणार नाही. तेथे चिठ्ठीचे काम वाढणाऱ्याच्या खऱ्या शब्दानेच व्हावयाचे आहे.

म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. कोणी ‘यात काय आहे?’ असे विचारले तर त्यात अपमान मानू नये. जे घातले असेल ते सर्व सांगावे, आणि ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ असे स्पष्ट म्हणावे. या तीन शब्दांनी कोणाचाही कमीपणा होत नाही, उलट एका मुलाचे रक्षण होते. आणि मूल ‘मला चालत नाही’ म्हणाले, तर पुन्हा आग्रह करू नये. अन्नदान हे थोर पुण्य आहेच. परंतु घेणाऱ्याचे ‘नको’ ऐकून हात आवरणे, हेही त्याच पुण्याचे अंग आहे, असे मला वाटते.